आमचा हौ आन् त्यांचा येस

मी मूळचा परभणीचा. जगात जर्मनी आन् भारतात परभणी हे वाक्य आमच्याकडं पाळण्यातल्या लेकरालासुद्धा पाठ असतं, आणि योगायोग असा की गेली सहा वर्षं माझं रोजचं काम जर्मनीतल्या लोकांसोबतच चालू आहे. संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या एमआयडीसीत आमचा प्लांट आहे, गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पार्ट मशीनिंग करून द्यायचं काम. मालक कंपनी जर्मन, एक मोठं गिऱ्हाईक जपानी, डिझाइनचा एक ग्रुप चेन्नईला, आणि शॉपवर जिंतूर, सेलू, हिंगोली, भोकरदनची पोरं, त्यांच्यासोबत बिहारची पाच-सहा जणं. या सगळ्यांची मिळून जी टीम आहे ती मी चालवतो.

बरेच जण विचारतात की बाहेरच्या लोकांसोबत काम करताना काय अवघड जातं, इंग्लिश का? इंग्लिश जमून जातं हो. अवघड जातो तो "हो".

आमच्याकडं "हौ" म्हणलं की त्याचे चार-पाच अर्थ निघतात. ऐकलं असाही, तुम्ही मोठे आहात असाही, बघू पुढं काय होतंय असाही, आणि कधीकधी खरंच हो असाही. समोरचा आपल्यातला असला की त्याला आवाजावरनं कळतं की हा कोणता हौ आहे. "करू की" म्हणजे होणार आणि "बघू की" म्हणजे बहुतेक नाही होणार, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं तरी कळतं. जर्मन माणसाला मात्र येस म्हणजे येस. तो वहीत लिहून घेतो, तारीख टाकतो आणि त्या तारखेला विचारतो. यात त्याचं काहीच चुकत नाही.

जपानी गिऱ्हाइकाचे क्वालिटीचे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं, कारण त्यांचं "हाय" म्हणजे हुबेहूब आमचा हौ. ऐकतोय, पुढं बोला. आणि ते जेव्हा सावकाश श्वास आत ओढत "हे जरा अवघड आहे" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो. आमची पोरं मात्र अवघड म्हणजे अवघड पण होईल असं समजून खूश होऊन बाहेर आली होती. म्हणजे जे आपण जर्मनाला करतो तेच जपान्यानं आपल्याला केलं, आणि आपल्यालाही कळलं नाही.

हे सगळं मला पुस्तकात वाचून कळायला पाहिजे होतं तसं कळलंही होतं. गीर्ट हॉफस्टेड नावाचे एक डच अभ्यासक होऊन गेले, त्यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडनं प्रश्नावल्या भरून घेऊन देशांची तुलना केली. त्यात वरिष्ठ आणि कनिष्ठ यातलं अंतर लोक किती मुकाट्यानं मान्य करतात याचा एक आकडा आहे, भारताचा 77 आणि जर्मनीचा 35. मॅनेजरांच्या ट्रेनिंगला गेलं की हा तक्ता हमखास दाखवतात. मी पण तो टीमला दाखवला होता, आणि आता दाखवत नाही. आकडा खोटा आहे म्हणून नाही, पण तो देशाचा आहे, माणसाचा नाही. तो एकदा डोक्यात बसला की समोरच्या पोराच्या गप्प बसण्याला आपण "भारतीय संस्कृती" असं नाव देऊन मोकळे होतो, आणि तो का गप्प आहे हे विचारायचं राहूनच जातं. माझ्याकडनं हेच झालं आणि त्याची किंमत 1,200 पीस.

झालं असं. मे महिना होता, बाहेर 42 च्या वर आणि शेडमध्ये सुद्धा पंख्याची हवा अंगाला भाजायची. आमच्या एका हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या पार्टचा, 80 मिलिमीटरचा बोअर (आतलं गोल भोक) जर्मनीत पोचल्यावर लहान भरायला लागला. इथनं निघताना रिपोर्ट सगळे ओके. कॉलवर कॉल सुरू झाले. तिकडचे साहेब सरळ स्वभावाचे, आडपडदा नाही, त्यांनी विचारलं की पार्ट 20 डिग्रीला आणून मगच मोजता ना? कारण मापाचं तापमान जगभर 20 डिग्री धरलेलं आहे, आयएसओ 1 म्हणजे पहिल्या नंबरचं स्टॅंडर्डच ते आहे. आम्ही टेबलाभोवती सात जण बसलेलो, मी म्हणलं येस, क्वालिटीवाला म्हणला येस, बाकीच्यांनी माना हलवल्या. आमच्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं, त्यामुळं मला तर ते खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर जिंतूरकडचा एक पोरगा बसला होता, आयटीआय झालेला, तीन वर्षं त्याच मशीनवर. त्यानं मान हलवली नाही. मी ते बघितलं होतं, हे मला आजही आठवतं, आणि मी पुढं गेलो.

आठ दिवसांनी रात्री मशीनजवळ मी एकटाच त्याच्यापाशी उभा होतो तेव्हा मराठीत विचारलं की तुला काय वाटतं रे. त्यानं नुकताच उतरलेला पार्ट माझ्या हातात दिला. हाताला चांगलाच कोमट लागला. "सर, सेकंड शिफ्टला गाडी भरायची घाई असती, तुकडा एसीच्या रूममधी ठिवायला टाइमच देत न्हाईत. गरमच मापतेत. गरम हाय तवर बोअर बरोबर दिसतो, गार झाला की आवळतो." मग त्यानं खिशातनं एक घडी घातलेला कागद काढला, त्यावर पंधरा दिवसांची मापं पेनानं लिहिलेली, एक गरम असतानाचं आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळचं. ॲल्युमिनियम एका मीटरला एका डिग्रीमागं 23 मायक्रॉनच्या आसपास वाढतं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 80 मिलिमीटरला 15 डिग्रीचा फरक धरला तर 27-28 मायक्रॉन होतात, आणि आमचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सगळा मिळून 30. त्याच्या कागदावरचे फरक 25 ते 29 मधले होते.

मी विचारलं, मग कॉलवर का नाही बोललास. तो म्हणला, "तुमी येस म्हणले ना सर."

मला त्या रात्री झोप नाही लागली. त्याला इंग्लिश येत नव्हतं म्हणून तो गप्प होता असं मला वाटून घेता आलं असतं, पण खरं कारण ते नव्हतं. सगळ्यांसमोर माझ्या येसला नाही म्हणणं म्हणजे माझा अपमान, असं त्यानं धरलं होतं. त्यानं माझी इज्जत राखली आणि त्यात 1,200 पीस अडकले. चुकीचं मूळ शोधायचा जो 8डी रिपोर्ट असतो त्यात का-का-का असं पाच वेळा विचारतात, त्यात आम्ही शेवटी लिहिलं की पार्ट गार न करता मोजला. त्याच्या खाली अजून एक का होता.

आजोबांची एक गोष्ट या निमित्तानं सांगतो. आजोबा निजामाच्या काळातले. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, आजोबा घरी मराठी बोलायचे, साळंत उर्दू शिकले आणि देगलूरच्या बाजारात तेलुगू बोलून बैल घ्यायचे. शिकलेले होते म्हणून गावातले लोक त्यांना तहसिलीत सोबत न्यायचे. ते सांगायचे की वाचता न येणारा माणूस कागद समोर आला की घाबरून नुसतं "जी हुजूर, जी हुजूर" करायचा आणि अंगठा उठवायचा, काय लिहिलंय ते विचारायचाच नाही, कारण विचारलं तर साहेब चिडतील. आजोबा त्याचा हात धरायचे आणि आधी सगळा कागद मराठीत सांगायचे, मग अंगठा. मला एकदम लक्षात आलं की आमच्या कॉलवर इंग्लिश हा तोच कागद आहे, आणि माझी पोरं तसंच जी हुजूर करत आहेत, आणि आजोबांच्या जागी मी असायला पाहिजे होतो पण मी साहेबाच्या बाजूला जाऊन बसलो होतो.

त्याच्यानंतर मी कॉलची पद्धतच बदलली. आता तिकडनं प्रश्न आदल्या दिवशी लेखी येतात. सकाळी मशीनपाशी उभं राहून आम्ही ते मराठीत आणि हिंदीत बोलून घेतो, कोण काय बोलणार ते तिथंच ठरतं, आणि ज्याला माहिती आहे तोच कॉलवर बोलतो, मराठीत बोलला तरी चालतं, मी भाषांतर करतो. पहिल्यांदा तिकडच्या साहेबांना वाटलं की याच्यात वेळ जाईल. दोन-तीन कॉलनंतर त्यांनीच सांगितलं की आधी एक तास चालायचं ते आता 35 मिनिटांत संपतं. जपानी साहेबांना हे सांगितलं तर ते हसले, त्यांच्याकडं याला नेमावाशी म्हणतात, म्हणजे झाड दुसरीकडं लावायच्या आधी मुळाभोवतीची माती हळूहळू मोकळी करून घेणं. आपण त्यालाच कानावर घालून ठेवणं म्हणतो. ग्रामसभेच्या आधी पारावर निम्मं काम होऊन गेलेलं असतं, ते हेच.

आणि "समजलं का?" हा प्रश्न मी बंद केला. त्याला उत्तर हौ शिवाय दुसरं येतच नाही. आता मी विचारतो की तू हे उद्या कसं करणार ते मला दाखव. याच्यात बरोब्बर कळतं.

जर्मन लोकांना पण मला सांगावं लागलं, एकट्या आमच्या पोरांनीच किती बदलायचं? तिकडचे साहेब सगळ्यांसमोर "हे चुकीचं आहे" असं म्हणायचे आणि पुढच्या मुद्द्यावर जायचे, त्यांच्या मनात काहीच नसायचं. इकडं मात्र भोकरदनचा सुपरवायझर दोन दिवस जेवण नीट करायचा नाही, त्याच्या दृष्टीनं चारचौघांत पाणउतारा झालेला. मी साहेबांना एकट्याला गाठून सांगितलं की चूक जरूर सांगा पण आधी मला किंवा त्याला वेगळं सांगा. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते म्हणले की आमच्याकडं चूक न सांगणं हाच अपमान समजतात. मग हे वाक्य मी आमच्या सुपरवायझरला येऊन सांगितलं, त्याला ते पटायला वेळ लागला पण पटलं.

वेळेवरनं पण एकदा लई गैरसमज झाला होता. हे साहेब इथं आले असताना शॉपवर म्हणले की "हाफ थ्री"ला बसू. आमची सगळी टीम साडेतीनला बरोबर हजर, आणि ते अडीचपासून एकटे बसलेले, चेहरा लाल. जर्मन भाषेत अर्धे तीन म्हणजे तिनाला अर्धा कमी, आपल्या अडीचसारखं. त्यांनी तेच इंग्लिशमध्ये आणलं. त्यांना वाटलं हे लोक तासभर उशिरा येतात, आम्हाला वाटलं साहेब उगाच चिडले. मी फळ्यावर सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन लिहून दाखवलं तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. आता आमच्या मेलमध्ये वेळ कायम 14:30 अशी लिहितात. आकड्यांचं पण तसंच, त्यांच्या ड्रॉइंगवर दशांशाला स्वल्पविराम असतो आणि हजाराला टिंब, त्यामुळं 1.500 म्हणजे दीड नाही, पंधराशे.

एक गोष्ट मात्र मला अजून लागते. आमचा मेजरमेंटचा टेक्निशियन संभाजीनगरातल्या शहागंजकडचा, सीएमएमवर म्हणजे माप घ्यायच्या मशीनवर त्याच्यासारखा हात प्लांटात दुसऱ्या कुणाचा नाही. वर्षभर आमचा कॉल शुक्रवारी दुपारी दीडला होता. जुम्म्याच्या नमाजची वेळ तीच. तो वर्षभर कॉलला बसला आणि एक शब्द बोलला नाही, आणि माझ्या सुद्धा डोक्यात आलं नाही, मी याच शहरात राहतो, शुक्रवारी दुपारी शहागंजात किती गर्दी असते हे मला माहीत आहे. ज्या शहराची सुरुवात 1610 मध्ये इथिओपियाहून आलेल्या मलिक अंबरनं खडकी म्हणून केली त्या शहरात बसून मी हे विसरावं याचं मला वाईट वाटतं. आता कॉल गुरुवारी असतो, दुपारी अडीचला. सुट्ट्यांचा तक्ता पण आम्ही सगळ्यांनी बसून केला, त्यात पोळा आहे, महालक्ष्म्या आहेत, 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिदिन आहे, छठ आहे, पोंगल आहे, ईद आहे, आणि तिकडच्यांचे गुरुवारच्या सुट्टीला जोडून घेतलेले शुक्रवार पण आहेत. पोळ्याला अर्धी शिफ्ट का रिकामी असते हे साहेबांना बैलांचे फोटो दाखवून सांगितलं, पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच त्या दिवसाचं ऑडिट पुढं ढकललं.

परवा काय झालं ते सांगायला खरं तर हे लिहायला बसलो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळं एक तास मागं घेतात, मग आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीनचा साडेचार तासांचा फरक होतो. त्यांनी कॉल त्यांच्या अकरालाच ठेवला तर इकडं तो साडेतीनला येतो, आणि साडेतीनला आमची पहिली पाळी सुटून बस निघते. दरवर्षी पोरं हिवाळाभर बस सोडून कॉलला बसायची आणि नंतर मोटरसायकलवर कुणाच्यातरी मागं बसून घरी जायची. या वेळी जर्मनीला एक मेल गेला, मला फक्त सीसीमध्ये ठेवलेलं. चार ओळी, इंग्लिश मोडकंतोडकं पण स्पष्ट. सरळ लिहिलेलं की या वेळेला आमची बस जाते, आम्ही बसू शकत नाही, तुमच्या दहाला घ्या.

पाठवणारा जिंतूरचा तोच पोरगा. दहा मिनिटांत उत्तर आलं, ओके, दहा वाजता.