काकूंच्या कॅलेंडरवरच्या रेघा

परवा रात्रपाळीला लिव्हर सिरोसिसचे (लिव्हर कायमचं खराब होण्याचा आजार) एक काका आले. वार विचारला तर नुसते बघत राहिले. हात पुढे धरायला सांगितले, तर मनगटं पाखराच्या पंखांसारखी फडफडायला लागली.

काकू हळूच म्हणाल्या, "सिस्टर, त्या गोड औषधानं जुलाब होत होते, म्हणून चार दिवस बंद केलं."

काकूंची काय चूक? 'पोट साफ व्हायचं औषध' एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. ते गोड औषध, लॅक्टुलोज, कशासाठी, हे कुणीतरी शांतपणे बसून सांगायला हवं होतं. आतड्यात तयार होणारा अमोनिया आजारी लिव्हरला साफ करता येत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो. हे औषध तो शौचावाटे बाहेर काढतं. म्हणून दिवसातून 2-3 वेळा मऊ शौच व्हायलाच हवं. पाण्यासारखे जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करायचा, आपल्या मनानं बंद नाही करायचा.

डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं. काका नीट गिळतायत हे बघूनच मी ते पाजलं. दर वेळी शौच झाल्यावर कोमट पाण्यानं पुसून अंग कोरडं केलं. काकूंना लिहिता येत नाही, म्हणून त्यांना खिशातलं छोटं कॅलेंडर दिलं: काकांना शौच झालं की त्या दिवसावर एक रेघ.

आज पहाटे काकांनी चहा मागितला. काकू तिसरी रेघ ओढत होत्या.