खोटी साक्ष

बुधवार, रात्री साडेदहा

लाइट गेली आहे. मोबाइलवर 14 टक्के उरलेत, तेवढ्यात लिहून टाकते.

काल घरप्रार्थना आमच्याकडं होती. गाणं झालं, वचन झालं आणि पाळकसाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, साक्ष द्या." देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं असतं. उभी राहिले. तोंडातून आपोआपच निघालं. प्रभूची स्तुती असो, वर्षभर त्यानं सांभाळलं, काही उणं पडू दिलं नाही. सगळे "आमेन" म्हणाले. मी चहाचं बघायला आत गेले.

निघताना मंडळीतली बुढी मावशी ओट्याखाली चपला शोधत होती. वर न बघताच म्हणाली, "काऊन वं माय, खोटं बोलली?" चपला सापडल्या, गेली.

आधी रागच आला. काय सांगायचं होतं मग? वेचणीच्या तोंडावर पाऊस आला, बोंडं झाडावरच काळी पडली, हे? कापूस खरेदी केंद्रावर नेला तर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला आणि गाडी परत आली, हे? 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. आम्ही व्यापाऱ्याला कितीला दिला ते इथं लिहीत नाही, उगाच जीव जळतो. पण हे तर सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाच्या घरचं आहे. त्यात माझी साक्ष कसली?

बुढी त्याबद्दल बोलत नव्हती, हे मला कळतं.

आमच्या ह्यांची सायकल अजून कोठ्यात उभी आहे. दर पंधरा दिवसांनी मी तिच्या मागच्या चाकात हवा भरते. कोणी चालवत नाही. पोरगा एकदा म्हणाला, विकून टाकू, तर दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. हे काय प्रार्थनेत उठून सांगायचं असतं?

दहा आज्ञांत आहे, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. मी कोणाविरुद्ध दिली? उलट देवाच्या बाजूनंच दिली. आता रात्रभर तेच टोचतंय. त्याला कधीपासून खोटे साक्षीदार लागायला लागले?

ह्यांच्या मातीच्या दिवशी पाळकसाहेबांनी बायबलातल्या हबक्कूकाचा तिसरा अध्याय वाचला होता. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत. अंजीर आणि जैतून काढा, पऱ्हाटी आणि तूर घाला, आमच्या वावराचा पंचनामाच आहे. इथवर मला शब्दन् शब्द कळतो. पुढं 'तरी' येतो. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या 'तरी'पाशी माझी गाडी बंद पडते. इतरांची बरी धकते. की तेही माझ्यासारखंच उभं राहून बोलतात?

दरवर्षी कवी टिळकांची गोष्ट ऐकते. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यातल्या अनोळखी गोऱ्या साहेबानं त्यांच्या हातात बायबलातला नवा करार दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांत माणूस नवा! ह्यांना जाऊनही दिवाळीला दोन वर्षं झाली. माझ्या डब्यात साहेब काही चढला नाही. चढली ती ही बुढी, चपला शोधत.

लिहिताना हसू आलं. बरेच दिवसांनी.

काल झोप नव्हतीच, म्हणून बायबलातली स्तोत्रं काढून बसले. 150 आहेत. रडणारी कितीतरी, पण बहुतेक शेवटी डोळे पुसून उठतात. 88 वं उठत नाही. रात्रंदिवस हाका मारतो बिचारा, मित्र, सोबती सगळे दूर झालेले, आणि शेवटच्या ओळीत नुसता अंधार. त्यात 'तरी' नाहीच. ते कोणी गाळलं नाही. खाली गोड ओळ जोडली नाही. इतकी वर्षं हे पान माझ्याच बायबलात होतं, मी पुढचं उलटत होते.

आज दुपारी बुढी न सांगता वावरात आली. ओटी बांधली, माझ्या शेजारची पात धरली. पाऊस खाल्लेलं बोंड नीट उमलत नाही, बोटानं खोदून काढावं लागतं आणि वाळलेल्या पाकळीचं टोक नखाच्या कडेत शिरतं. तिची बोटं माझ्याहून चपळ. तासभर बोलली नाही.

मग मीच म्हटलं, "मावशी, ते सायकल मले विकाची नाही."

"नको विकू."

"हवा भरतो मी तिच्यात."

"भरत जाय."

झालं. संध्याकाळी तिचा काटा केला, सहा किलो. पैसे नको नको म्हणाली आणि किलोला दहाप्रमाणं मोजून घेऊन गेली. मला तेच बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी प्रार्थना तिच्याकडं आहे. साक्ष मागितलीच तर 88 वं वाचून खाली बसेन म्हणते. आमेन म्हणायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

3 टक्के.