पीच गुलाब, पैठणी आणि वैशाखातलं पाणी

मंगळवार, रात्र

गुरुवारी दुपारी लग्नाचा मुहूर्त. मागणी एकच, "सगळं पीच पाहिजे." वधूवरांचे दोन हार, स्टेजच्या मागची फुलांची भिंत, प्रवेशद्वाराचे दोन गुच्छ, नवरीची वेणी, सहा करवल्यांचे गजरे, गाडीवर थोडी फुलं. हिशोब मांडण्याआधी रंगाचा विचार करायला हवा, कारण पीच हा एक रंग नाहीच. पाकळीतल्या कॅरोटिनॉइडची पिवळी छटा आणि अँथोसायनिनची गुलाबी छटा एकत्र आल्या की आपल्याला पीच दिसतो. यातलं गुलाबी द्रव्य उष्णतेत कमी तयार होतं. त्यामुळे पॉलिहाऊसमधलं गुलाबाचं तेच झाड डिसेंबरात अबोलीकडे झुकणारं फूल देतं आणि मे महिन्यात क्रीमकडे गेलेलं. थंडीत साखरपुड्याला पसंत केलेला नमुना वैशाखातल्या लग्नाला जुळेल, असं कुणालाही सांगू नये.

दुसरी गोष्ट वयाची. घट्ट कळी गडद असते. अर्धवट उमललेलं फूल आतून पीच आणि कडेनं फिकट. पूर्ण उमललेलं जवळजवळ क्रीम. एकाच वाणाच्या एकाच दिवशी तोडलेल्या फुलांत या तिन्ही छटा मिळतात. बाजारात पीचच्या चार जाती शोधत फिरण्यापेक्षा एकच वाण घेऊन त्याचं उमलणं आपल्या हातात ठेवावं, हे आमचं पक्कं मत आहे. काही बादल्या सकाळीच खोलीतल्या साध्या तापमानात ठेवायच्या, म्हणजे ती फुलं लवकर उघडतात, बाकीच्या गारव्यात. दुसऱ्या दिवशी तीन छटा तयार असतात आणि त्या एकमेकींशी भांडत नाहीत, कारण मूळ एकच.

आपल्याकडे चालणारा वाण म्हणजे पीच अव्हलांच, पांढऱ्या अव्हलांचवरच रंग बदलून आलेला. घरची मंडळी मोबाईलवर फोटो मात्र पुष्कळदा ज्युलिएटचा दाखवतात. डेव्हिड ऑस्टिन यांचा तो इंग्लिश गुलाब 2006 साली लंडनमधल्या चेल्सीच्या फुलांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडला गेला. त्याचं फूल वाटीसारखं, आत पाकळ्यांची गच्च गर्दी. आपल्याकडचा डच गुलाब, म्हणजे पॉलिहाऊसमधला लांब दांडीचा, मधून उंच आणि टोकदार असतो. रंग जुळला तरी आकार जुळणार नाही, हे मागणी घेतानाच फूल हातात देऊन दाखवावं. कार्डाच्या आणि कापडाच्या छपाईला पँटोन या रंगांना क्रमांक देणाऱ्या कंपनीचा क्रमांक चालतो (2024 चा वर्षाचा रंग म्हणून त्यांनी निवडलेला पीच फझ 13-1023 आहे). पण फुलाला क्रमांक नसतो.

फुलं कापडाशी लावून पाहायची, आणि तेही मंगल कार्यालयातल्या दिव्यांखाली. पैठणी असेल तर जास्तच काळजी. धूपछाँव विणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून पदर हलला की छटा बदलते. उभ्या नवरीच्या अंगावर जो रंग जास्त दिसणार, तोच धरायचा. ब्लाउजपीसचा तुकडा मागून घ्यावा, फोटोवर भागवू नये. मोबाईलचा कॅमेरा पांढरा रंग आपल्या मनानं ठरवतो आणि पीच एकदा गुलाबी दिसतो, एकदा केशरी. दिव्यांचंही तसंच. 3000 केल्विनच्या पिवळसर एलईडीत पीच उबदार आणि थोडा गडद दिसतो, 6500 च्या पांढऱ्याशुभ्र उजेडात धुतल्यासारखा. स्टेजवर गुलाबी किंवा निळे रंगीत दिवे लावले तर फुलांवर केलेला खर्च वायाच गेला. दिवेवाल्याशी हे आधी बोलून घ्यावं.

आता आकडे. डच गुलाबाची गड्डी 20 फुलांची. हाराची एकूण लांबी साधारण 160 सेंटिमीटर, उभं ओवलेलं एक फूल साडेतीन सेंटिमीटर जागा घेतं, म्हणजे एका हाराला 46 फुलं. दोन हारांची 92, तुटफूट धरून 6 गड्ड्या. स्टेजमागची चौकट 8 बाय 4 फूट, म्हणजे 32 चौरस फूट. नुसत्या गुलाबांनी भरायची तर चौरस फुटाला 30 च्या आसपास फुलं लागतात. कामिनीचा पाला आणि निशिगंध मिसळला तर 10 पुरतात, आणि दिसायलाही तेच चांगलं, कारण गडद हिरव्याशिवाय पीच उठून दिसत नाही. 320 फुलं, 16 गड्ड्या. प्रवेशद्वाराला 3, वेणी-गजरे-गाडी मिळून 3. एकूण 28. थंडीत यावर एक दशांश जास्त घेतली तरी चालतं, वैशाखात पाचवा हिस्सा जास्त घ्यावा. 34 गड्ड्या मागवायच्या.

लांबीवर पैसे उगाच जातात. हाराला दांडी कापूनच टाकायची असते, तिथे 60 सेंटिमीटरचा माल कशाला? 40 चा पुरे. 30 च्या खाली उतरू नये, कारण दांडी आखूड तसं फूलही लहान. स्टेजला 40 ते 50. लांब दांडी फक्त हातातल्या गुच्छासाठी.

बुधवार, पहाटेपासून

पुण्याकडचा माल, म्हणजे तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाऊसचा, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतो. नांदेड-लातूरकडे बरेच जण हैदराबादच्या गुडीमलकापूर बाजारातूनही मागवतात. डिकीत खोक्यावर बॅगा चढतात आणि इंजिनची ऊब लागते, म्हणून गाडी आल्या आल्या खोकं उतरवून घ्यावं. थांब्यावर ते तासभर उन्हात पडून राहिलं तर पुढचे सगळे उपाय कमी पडतात.

गड्डी उघडली की आधी बोटांनी कळीचा बुंधा हलका दाबायचा. टणक लागला तर ताजी, मऊ लागला तर जुनी. मग पाकळीवर बुरशीचे बारीक ठिपके शोधायचे. लाल गुलाबावर ती बुरशी लपते, पीचवर तिचा प्रत्येक तपकिरी ठिपका दिसतो. थंड खोक्यातून फूल दमट हवेत आलं आणि पाकळीवर पाणी साचलं की ती पसरते. ठिपक्यांची गड्डी बाजूला ठेवावी. एखादा व्यापारी पांढऱ्या गुलाबावर रंग मारूनही पीच म्हणून विकतो. ओल्या पांढऱ्या फडक्यानं पाकळी पुसून पाहायची आणि देठाजवळ, पानांच्या कडेला रंगाचे शिंतोडे आहेत का ते बघायचं. अशा हाराचा रंग घामानं शालूवर उतरतो.

पाण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मराठवाड्यात फुलं कोमेजण्याचं मोठं कारण उन्हाआधी पाणी असतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांचं, आणि त्याचा सामू (पीएच) वरचा. गुलाबाची दांडी सामू 3.5 ते 4.5 असलेलं आम्लधर्मी पाणी सगळ्यात चांगलं ओढते. शिवाय क्षारी पाण्यात जिवाणू जोरात वाढतात आणि दांडीतल्या बारीक नळ्या बंद करतात. वर कळी घट्ट, खाली बादली भरलेली, आणि तरीही मान मोडलेली, असं दिसलं की नळ्या तुंबल्या असं समजावं. सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यातलं सोडियम गुलाबाला मानवत नाही. 20 लिटरचे आरओचे जार हाच सोपा मार्ग. 34 गड्ड्यांना 10 बादल्या, प्रत्येकीत 6 लिटर, म्हणजे 3 जार. भिंतीत दांड्या टोचायला लागणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या फोमला आणखी अडीच. 6 जार सांगून ठेवावेत. एका जारात पाऊण चमचा, साधारण 4 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, जे किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. बोअरचंच पाणी वापरायची वेळ आली तर क्षार आम्ल खाऊन टाकतात, म्हणून प्रमाण वाढवावं लागतं आणि सामू कागदपट्टीनं तपासावा लागतो.

साखर घालायची सवय पुष्कळांना आहे. जंतुनाशक नसताना साखर जिवाणूंनाच पोसते. एका दिवसाच्या कामाला तिची गरज नाही. बादल्या मात्र आदल्या दिवशी ब्लीचनं घासून, स्वच्छ धुऊन, वाळवून घ्याव्यात. बादली प्लॅस्टिकची हवी, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नको.

पाण्यात बुडेल तितक्या दांडीची पानं काढायची. काट्यांसाठी लोखंडी खरवडणी जोरात ओढू नये, साल सोलली की तिथून कुजणं सुरू होतं. दांडीचं टोक पाण्याखाली धरून धारदार चाकूनं 2 ते 3 सेंटिमीटर तिरपं कापायचं. हवेत कापलं तर हवेचा बुडबुडा नळीत शिरतो आणि पाण्याची वाट अडवतो. कात्री बोथट असेल तर नळ्या चिरडतात, म्हणून चाकूच बरा. मग किमान चार तास फुलांना कुणी हात लावू नये. मान टाकलेली फुलं फेकायची घाई नको. टोक पुन्हा कापून, गड्डी वर्तमानपत्रात ताठ गुंडाळून, 40 अंशांच्या कोमट पाण्यात मानेपर्यंत तास-दोन तास उभी ठेवली तर बरीचशी सरळ होतात. फूलच जुनं असेल तर होत नाहीत.

बादल्या कूलरच्या खोलीत ठेवायच्या, पण थेट झोताखाली नाही. दमट गारवा हवा, वारा नको, वाऱ्यानं पाकळीच्या कडा वाळतात. कार्यालयाच्या कोठीत फुलं ठेवण्याचा मोह वैशाखात टाळावाच. तिथे आमरसासाठी आंब्यांच्या पेट्या असतात. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो आणि त्यानं गुलाब लवकर उमलतात, पाकळ्या गळतात. आचाऱ्यांच्या फ्रीजचंही तेच. गारवा असला तरी फळांशेजारी फुलं ठेवू नयेत.

संध्याकाळी फोम भिजवायचा. वीट पाण्यावर नुसती ठेवावी, ती आपोआप बुडते. हातानं दाबली तर वरून ओली दिसते आणि मधे कोरडी हवा राहते, त्या भागात टोचलेलं फूल सकाळी वाळलेलं सापडतं. एका विटेत 2 लिटरच्या आसपास पाणी मावतं. भिंतीला 20 विटा, म्हणजे 40 किलो वजन, चौकट त्या हिशोबानं मागून बांधून घ्यावी. एका विटेत 16 दांड्या. एकदा टोचलेली दांडी थोडी मागे ओढली की टोकाखाली पोकळी होते, म्हणून जागा आधी ठरवून एकदाच टोचायची. आधी पाला, मग पूर्ण उमललेली फिकट फुलं कडेला, मधली छटा आत, आणि गडद कळ्या सगळ्यात शेवटी, वधूवरांच्या खांद्यांच्या उंचीला. फोटोत डोळा तिथेच जातो. रात्री फुलांवर पाणी मारून प्लॅस्टिक झाकू नये. सकाळी पीचवर ठिपके आलेले असतात.

झेंडूचं तोरण दाराला हवंच, ते शुभ आहे, त्याला नाही म्हणू नये. पण भगवा झेंडू शेजारी आला की पीच मळकट दिसतो. तोरण आणि गुच्छ यांच्यात आंब्याच्या डहाळ्यांचा भरगच्च पट्टा सोडला तर दोन्ही आपापल्या जागी छान दिसतात. पीचला खरा सोबती मोगरा, आणि वैशाखात तो भरपूर येतो. वेणीत मोगरा, मधे सात पीच कळ्या आणि कडेला अबोलीची एक बारीक ओळ. अबोली पीचपेक्षा एक छटा गडद असल्यामुळे वेणीला काठ येतो. लिली मिसळायची असेल तर तिचे परागकोश चिमटीनं आधी काढून टाकावेत, पराग रेशमावरून जात नाही.

गुरुवार

हार आज पहाटेच, काल रात्री नाही. ओवलेल्या फुलाला पाणी मिळत नाही, आणि परण्या (नवरदेवाची मिरवणूक) मारुतीच्या पारावरून कार्यालयात येईपर्यंत मुहूर्त पुढे सरकतोच. दीड-दोन तासांचा उशीर धरूनच हार बनवावा. दुहेरी सुती दोरा ओला करून घ्यायचा, नायलॉन फुलाचा बुंधा कापतो. दांडी बुंध्याला लागून कापायची, बाहेरच्या जाड, हिरवट रेघांच्या दोन-तीन पाकळ्या आत्ता काढायच्या (आधी काढल्या तर आतली पाकळी प्रवासात चेपते), आणि लांब सुई बुंध्याच्या बरोबर मध्यातून घालायची. थोडी तिरकी गेली तरी हार गळ्यात फिरतो. दर चार गुलाबांनंतर निशिगंधाच्या दोन-तीन कळ्या घातल्या की गुलाब एकमेकांवर घासत नाहीत. हारासाठी मधल्या छटेचीच फुलं निवडावीत. गडद कळी घट्ट असल्यानं दोऱ्यावर फिरते, पूर्ण उमललेलं फूल अंतरपाट दूर होईपर्यंत पाकळ्या टाकतं.

ओवणाऱ्या हातांवर हळद नको. हळदीचा कार्यक्रम त्याच कार्यालयात झाला असेल तर साबणानं दोनदा हात धुऊनच बसावं. पीच पाकळीवर हळदीचं बोट उमटलं की ते झाकता येत नाही. मुंडावळ्यांना डच गुलाब जड होतो, ओढला जातो. तिथे मोत्यांच्या सरीला कानाजवळ मोगऱ्याचा लहान गुच्छ आणि त्यात एखादी बारीक पीच कळी, एवढंच शोभतं.

तयार हार ओल्या मलमलीवर, थर्माकोलच्या खोक्यात, एकावर एक न ठेवता. बर्फाच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यांत. बाटली पाकळीला टेकली तर तिथे काळा डाग पडतो. मंगलाष्टकं सुरू झाल्यावरच खोकं उघडावं. अक्षता तांदळाच्या असोत की ज्वारीच्या, कुंकवात रंगवून पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओलसर अक्षतांचा लाल रंग हारावर आणि पैठणीवरही उतरतो, हे करवल्यांच्या कानावर सकाळीच घालावं.

पंगती उठल्या की भिंत उतरवायची. पाला, फुलं, सुती दोऱ्याचे हार खतात जातात. फोमच्या विटा वेगळ्या गोणीत भराव्यात. तो फिनॉलिक रेझिनचा असतो, कुजत नाही, चुरगळून मातीत आणि पाण्यात बारीक कण होऊन राहतो, म्हणून शेतात किंवा विहिरीकडेला टाकू नये. लहान गुच्छांना फोमऐवजी कोंबडीजाळीची गुंडाळी पाण्याच्या भांड्यात बसवली तरी दांड्या नीट उभ्या राहतात, आणि जाळी धुऊन पुढच्या तिथीला परत वापरता येते.