दोनदा एंटर

"लई जुनं हाय सर हे. बनवणारं आता वारलं बी असंल."

परवा दुपारी मोंढ्यातल्या आडतीवर कम्प्युटरवरच्या पोरानं आपल्या प्रोग्रामबद्दल हे सहज म्हणलं, तोंडात सुपारी धरून, स्क्रीनवरची नजर न काढता, आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. आज तिसरा दिवस. पुण्याहून बायकोचा दोनदा फोन येऊन गेला, "त्या कॉलचं काय झालं" म्हणून, आणि दोन्ही वेळेस मी "नेटवर्क नाही नीट" म्हणलं. लातूरात नेटवर्क नाही म्हणे! तिनं पण काही म्हणलं नाही, तेच जास्त लागलं. असो, ते नंतर.

झालं असं की सोयाबीन घालायला धाकट्या भावासोबत मी पण गेलो. सोयाबीन म्हणजे जे काही राहिलं होतं ते. सप्टेंबरात मांजरा अशी पसरली की खालचं रान आठ दिवस दिसलंच नाही, जे वरच्या तुकड्यात वाचलं ते वाळवून झाडून १९ क्विंटल ४० किलो भरलं. धाकटा म्हणाला चल, तुला तरी घरी बसून काय काम हाय. त्याला वाटतंय वर्क फ्रॉम होम चालू आहे. मी पण लॅपटॉप उघडा ठेवून बसतोच की सकाळी दहाला, सवय आहे.

मोंढ्यात मी किती वर्षांनी गेलो कोण जाणे. तीच धूळ, तेच ढीग, हमालांच्या पाठीवरची तीच पोती. सौदा ४१५० नं तुटला. २०२५ च्या हंगामाचा हमीभाव ५३२८ होता हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं, पण तो घ्यायचा तर सरकारी केंद्रावर नोंदणी करा, मेसेजची वाट बघा, तिथं पुन्हा ओलावा मोजून घ्या, आणि आम्हाला पैसे आत्ता पाहिजे होते. धाकटा काही बोलला नाही. मग पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, करायला आडतीत, दलालाच्या दुकानात गेलो.

आणि समोर निळी स्क्रीन. निळ्यावर पिवळी अक्षरं.

मला आधी काही कळलंच नाही. आजकाल कुठं दिसतंय असलं, म्हणून गंमत वाटून बघत उभा राहिलो. पोरानं वजन टाकलं, भाव टाकला, खाली एक ओळ आली की पुढे जायचं का, एच किंवा एन, आणि त्यानं एच दाबलं. एच म्हणजे हो. जगातल्या सगळ्या प्रोग्राममध्ये तिथं वाय असतो, येसचा वाय. इथं एच आहे कारण २००२ साली ह्या दुकानाच्या मुनीमकाकांना वाय कुठला ते सापडायचं नाही आणि ते मला म्हणले होते की बाळा, हो म्हणायचं असंल तर हो चं अक्षर ठेव की. मी ठेवलं होतं.

मीच.

इंजिनिअरिंग झालं तेव्हा बाजार असा पडला होता की कॅम्पसला कुणी फिरकलं नव्हतं, नांदेडहून गाठोडं घेऊन सरळ घरी आलो होतो. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, ओळखीनं दुकानाच्या मोठ्या शेठनी हे काम दिलं. फॉक्सप्रो २.६, डॉसवरचं, हिशोब-नोंदींचे प्रोग्राम लिहायची तेव्हाची भाषा. एका पुस्तकावरून शिकत शिकत दीड महिन्यात केलं, साडेतीन हजार रुपये मिळाले, त्यातून आईला साडी आणि पुण्याचं तिकीट. त्यानंतर त्या दुकानाकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. आता भिंतीवर मोठ्या शेठच्या फोटोला हार आहे. म्हणजे पोराचा अंदाज काही अगदीच वेडगळ नव्हता, त्या काळातले सगळेच गेले असतील असं त्याला वाटणारच, तो स्वतः २००२ साली जन्मला तरी होता का नाही देव जाणे.

तर मुद्दा असा की मी बोललो का नाही.

हे मला कळत नाहीये. एवढंच म्हणायचं होतं, "अरे, मीच बनवलंय हे." पोरगं हसलं असतं, चहा सांगितला असता, धाकट्यानं गावभर सांगितलं असतं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणालं, "ह्यात वजन टाकलं की दोनदा एंटर मारावं लागतंय बगा, नाहीतर हमाली येतच नाही. का ते कुणालाच माहीत नाही, पण पहिल्यापासून तसंच हाय." आणि मी गप झालो.

कारण का ते मला माहीत होतं. टेस्टिंग करताना मधेच थांबून बघायला मी एक वेट, म्हणजे 'थांब' अशी आज्ञा, टाकला होता, पुढं रिकामं अवतरण, म्हणजे स्क्रीनवर काही दिसत नाही, कुठलीही कळ दाबेपर्यंत प्रोग्राम नुसता थांबून राहतो. तो काढायचा राहिला. एक ओळ! तेवीस वर्षं मुनीम बदलले, कम्प्युटर बदलले, प्रत्येक नव्या माणसाला आधीच्या माणसानं "दोनदा एंटर" हा मंत्र दिला आणि कुणी विचारलं नाही. एंटरच पाहिजे असं पण नाही, स्पेसबार दाबला तरी चालतंय. पण नाही, दोनदा एंटर.

म्हणजे लाज वाटली का? एका वेटची? ह्याहून भयंकर गोष्टी मी प्रॉडक्शनला, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमवर, पाठवल्यात, एकदा तर शुक्रवारी संध्याकाळी. नाही, लाज नव्हती ती, किंवा त्या गोष्टीची नव्हती.

मग काल असं वाटलं की भीती होती, पुढच्या प्रश्नाची. "हो का सर, मग आता कुठं असता?" आता कुठं असता! आता बेंचवर असतो बाबा, म्हणजे कंपनीत आहे पण हातात काम नाही. प्रोजेक्ट क्लायंटनं गुंडाळलं, चाळीस दिवस झाले, दर सोमवारी एक मीटिंग असते तिच्यात आम्ही सगळे पंचेचाळीशीचे कॅमेरे बंद करून बसतो. नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट करायला गेलो तर अनुभवाच्या रकान्यात शेवटचा पर्याय 'पंधरा वर्षांपेक्षा जास्त'. त्याच्यापुढं मोजतच नाहीत. एक मुलगी फोनवर विचारते, सर, तुम्ही अजून हँड्स ऑन आहात का, म्हणजे स्वतः कोड लिहिता का? २०१३ ला मॅनेजर हो म्हणून मागं लागले होते तेव्हा मी ऐटीत म्हणालो होतो, मला कोड सोडायचा नाही. तेव्हा झालो असतो तर आज माणसं सांभाळली म्हणून तरी सांगता आलं असतं, जरी तेच आधी निघतात म्हणा. २०२५ च्या जुलैत देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीनं बारा हजारांच्या वर लोक कमी करायचं जाहीर केलं तेव्हा त्यात मधलीच आणि वरचीच फळी जास्त होती. नव्या पोराच्या पगारात तेच काम होतंय, आणि आता तर पोरगं पण लागत नाही, एआयला सांगितलं की दहा मिनिटांत पानंच्या पानं कोड. बरा लिहितो मेला. मी वापरतो ना, मला माहीत आहे.

अण्णा झेडपीच्या शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले, शाल आणि नारळ. आम्हाला शाल नसते.

आणि फ्लॅटच्या हप्त्यांची अजून नऊ वर्षं, आणि पोरीची दहावी, आणि ते दुसरं, ते इथं लिहीत नाही.

रात्री गच्चीवर पडल्या पडल्या सगळे पर्याय फिरवून झाले. हे पर्याय तर आमच्या वयाच्या सगळ्या ग्रुपवर फिरत असतात. नांदेडच्या बॅचमधला एक शेळीपालनात उतरला, दीड वर्षात त्यानं शेळ्या विकल्या आणि परत जावावर, म्हणजे त्या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या कामावर, आला. एकाचा क्लास निघाला, पण लातूरात क्लास काढणं म्हणजे पंढरपुरात टाळ विकणं. राहिली शेती. आयटीतल्या माणसाला चाळिशीनंतर शेतीची स्वप्नं का पडतात ह्याच्यावर कुणीतरी पीएचडी करावी. धाकट्याला सहज म्हणलं, मी पण आलो इकडं तर? तो पट्टीचा कागद घडी करत म्हणाला, "ये की. पाच एकरात दोघं बुडू."

तर भीती पण असंल थोडी. पण तीच नाही. आज सकाळी दात घासताना वाटलं की खरं कारण अजून वेगळं आहे आणि ते जरा ओशाळवाणं आहे.

मी पुण्यात एकवीस वर्षं जे लिहिलं त्यातलं आज काय चालू आहे? खरंच मोजायला बसलो. पहिली कंपनी, विम्याचं सॉफ्टवेअर, क्लायंट दुसऱ्यानं विकत घेतला आणि आमचं बंद. दुसरीकडं सहा वर्षं एक सिस्टिम, तिचं तीन वर्षं मायग्रेशन, म्हणजे सगळं नव्या सिस्टिमवर हलवणं, ते करून जुनी आम्हीच पुरली. मग क्लाऊड, मग सगळं तोडून छोटं छोटं करा, मग छोटं छोटं फार झालं म्हणून परत जोडा. हे शेवटचं प्रोजेक्ट तर लाइव्ह व्हायच्या आधीच गेलं. हजारो ओळी, रात्ररात्र, पोरीच्या गॅदरिंगला न जाणं, त्या सगळ्याचं आज कुठं एक बटण सुद्धा दाबलं जात नाही. आणि ज्याला मी कधी प्रोफाइलमध्ये धरलंच नाही, ज्याची मला नंतर लाज वाटायची, पुण्यात कुणी विचारलं तर "सुरुवात जावापासून" म्हणायचो, ते रोज सकाळी अकराला चालू होतंय.

ज्या वर्षी आमचं लग्न झालं त्या २००७ लाच मायक्रोसॉफ्टनं सांगून टाकलं होतं की फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नाही, २०१५ ला सपोर्टही संपला. नव्या ६४ बिट विंडोजवर सोळा बिटवाले प्रोग्राम चालत नाहीत, म्हणून दुकानात त्या एका प्रोग्रामसाठी जुन्या विंडोज एक्सपीचा डबा जपून ठेवलाय, वर फडकं, शेजारी उदबत्ती. पोरगं म्हणलं, दोनदा नवीन सॉफ्टवेअर आणलं, मोबाईलवालं, पण हमालांना आणि मुनीमाला हेच सोपं जातंय.

आणि मला त्याचा आनंद झाला नाही, राग आला. स्वतःचाच. म्हणजे सगळ्यात जास्त टिकलेलं काम मी बावीसाव्या वर्षी, काही येत नसताना केलं, आणि नंतर शिकत गेलो तसतसं कमी टिकणारं करत गेलो असं काहीतरी. हे त्या पोराला काय सांगणार? "मीच बनवलंय" म्हणल्यावर ते म्हणलं असतं, आणि पुढं काय काय बनवलं सर?

हां. हेच होतं. लिहिल्यावर आता जरा हलकं वाटतंय. अगदी हलकं नाही.

दुपारी माळ्यावरची ट्रंक काढली, सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, सापडतोय का बघायला. फ्लॉप्या सापडल्या, चार, एकीवर माझ्या अक्षरात 'शेठ फायनल', दुसरीवर 'शेठ फायनल २'. तेव्हापासूनची खोड आहे म्हणायची. फ्लॉपी लावायला ड्राइव्ह कुठून आणू, आणि आत बुरशीच असंल. तसा एक्झीतून, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमधून, सोर्स परत काढणारा रीफॉक्स म्हणून प्रकार असतो, एक दुपार लागली तर लागंल. ती वेटची ओळ काढून येऊ का परत जाऊन? मग वाटलं नको. एकदा एंटर मारल्यावर हमाली आली तर त्यांना वाटंल बिघडलं.

ट्रंक खाली उतरवलीच होती म्हणून पट्टी पण घेऊन बसलो. १९.४० गुणिले ४१५०, ८०,५१० रुपये. हमाली-तोलाई ६०१ रुपये ४० पैसे. निव्वळ ७९,९०८. आता हे जरा बघा, म्हणजे मी बघत होतो, कॅल्क्युलेटरवर ७९,९०८ रुपये ६० पैसे येतात. साठ पैसे कुठं गेले? पूर्णांक करायचा तर ७९,९०९ व्हायला पाहिजे होते. आणि मग लख्ख आठवलं. मोठे शेठ म्हणले होते, चिल्लर नको, सरळ रुपयात ठेव. मी राऊंड न लावता इंट लावलं. राऊंड म्हणजे पन्नासच्या वर असंल तर पुढचा रुपया, इंट म्हणजे असतील तेवढे पैसे छाटून टाकणं. शेठला फरक माहीत नव्हता, खरं तर मलाही नव्हता, पुस्तकात जे आधी सापडलं ते टाकलं होतं. म्हणजे तेवीस वर्षं प्रत्येक शेतकऱ्याच्या प्रत्येक पट्टीतले वरचे पैसे मी कापतोय. परवा स्वतःच्या बापाच्या पट्टीतले साठ पैसे कापले.

हिशोब केल्याशिवाय राहवेना. दिवसाला साठ पट्ट्या, वर्षातले दीडशे दिवस, तेवीस वर्षं, दोन लाख सात हजार पट्ट्या. सरासरी पन्नास पैसे धरले तर एक लाख साडेतीन हजार रुपये. अण्णा शेजारी पेपर वाचत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, एच पासून वेट ते इंट पर्यंत, फक्त बेंचचं सोडून. ते मास्तर माणूस, मला वाटलं आता अर्धा तास ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी चष्मा काढला, माझा हिशोबाचा कागद घेतला, दोनदा बघितला.

"बरोबर आहे की," म्हणाले. "लाख शेठला, वरचे साडेतीन हजार तुला."