हम्प्ता पास, नोंद 4: निघायला आठ आठवडे

हिमाचलमधला हम्प्ता पास हा घाट चालत ओलांडायचा आहे, त्यासाठी रेल्वेगाडीचं आरक्षण झालं. रेल्वे आता 60 दिवस आधीच आरक्षण उघडते, त्यामुळे सकाळी आठला आम्ही चौघं चार मोबाइल घेऊन बसलो होतो. गणपती उठले की दोन दिवसांनी निघायचं. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे मनालीला रात्रीची बस. सप्टेंबरअखेर घाटात बर्फ जवळजवळ नसतो, पाऊसही ओसरलेला असतो. रात्री मात्र थंडी बोचरी असणार.

या आठवड्यात सगळ्यात जास्त डोकं मुक्कामांवर चाललं. नेहमीचा कार्यक्रम असा: मनालीहून गाडीने जोब्रा, तिथून चालत चिका, दुसऱ्या दिवशी बालू का घेरा, तिसऱ्या दिवशी पास ओलांडून शिया गोरू, चौथ्या दिवशी छतरू. मी कागदावर फक्त झोपायच्या उंच्या लिहिल्या. मनाली साधारण 2,050 मीटर, चिका 3,100, बालू का घेरा 3,600, शिया गोरू 3,900. पहिल्याच रात्री हजार मीटरची उडी! विरळ हवा बाधू नये म्हणून तीन हजारांच्या वर रोज पाचशेपेक्षा जास्त चढून झोपू नये, हा नियम आपण पाठ म्हणतो. पण ही पहिली उडी तीन हजारांच्या खालून सुरू होते, म्हणून ती नजरेतून सुटते.

उत्तराखंडातल्या केदारकांठा ट्रेकला मला याचाच फटका बसला होता. बेस कॅम्पवर डोकं ठणकत होतं, जेवण जात नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. पहाटे उलट्या झाल्या तेव्हा लीडरने मला खाली पाठवलं. त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. लपवणं ही माझी चूक होती, आणि ती इतर कुणी करू नये म्हणून इथे लिहितेय.

म्हणून बदल केला. मनालीनंतर एक रात्र सेथनला, जोब्राच्या रस्त्यावरच्या 2,700 मीटरवरच्या गावात. बालू का घेराला एक दिवस राखीव: कुणाला त्रास झाला तर थांबायला, नाही तर दोन-तीनशे मीटर चढून परत खाली झोपायला. चंद्रताल या तळ्यावर मुक्काम नाही, छतरूहून जाऊन यायचं. खर्च दोन दिवसांनी वाढला, खेचरवाल्यांचेही दोन दिवस वाढले. चौघांनाही ते पटलंय. आमच्यातले काका 61 वर्षांचे आहेत. त्यांची स्ट्रेस टेस्ट झाली, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हेही डॉक्टरांनाच विचारणार आहोत, कारण काकांना सल्फाची ॲलर्जी आहे.

पास 4,270 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्के. कळसूबाई 1,646. म्हणजे पुण्यात राहून त्या हवेची सवय होणार नाही, पाय आणि दम तेवढे तयार करता येतात. आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर 8 किलो: जूनमध्ये 72 मिनिटं लागत होती, या रविवारी 58. वजन पाण्याच्या बाटल्यांचं घेते आणि वर पोचल्यावर निम्मं ओतून टाकते. सगळं ओतलं तर उतरायचा सराव होत नाही, आणि पासवरून शिया गोरूकडची उतरण हाच या वाटेचा खरा कस आहे. पावसातल्या ओल्या दगडांवर उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आदळत होती. बूट एक नंबर मोठे घेतले, आता ठीक.

खरं सांगायचं तर मला पासपेक्षा त्याच्या पलीकडची बाजू बघायची आहे. अलीकडे कुल्लूचं हिरवं खोरं, गद्दी मेंढपाळांची कुरणं. धार ओलांडली की लाहौलचा उघडा, कोरडा डोंगर. पाऊस कुल्लूच्या बाजूलाच अडतो. महाबळेश्वर चिंब असताना शंभर किलोमीटरवर माण-खटाव कोरडं का राहतं, त्याचंच हे अवाढव्य रूप, आणि इथे ते एका दिवसाच्या चालीत दिसतं.

शिया गोरूचा ओढा सकाळीच ओलांडायचा, दुपारी वितळलेल्या पाण्याने तो फुगतो. त्यासाठी पट्ट्यांच्या सँडल वेगळ्या घेतल्यात. गुळपापडी आणि मेतकूट माझ्याकडे. वर भूक मरते तेव्हा ओळखीची चवच घशाखाली उतरते.

येत्या रविवारी सिंहगड दोनदा, 10 किलो घेऊन. दुसऱ्या उतरणीनंतर गुडघे काय म्हणतात ते पुढच्या नोंदीत.