ओपन फाइल

"सर, पीडीएफ नको. ओपन फाइल पाठवा."

छापखान्यातून आलेला हा निरोप वाचून मला आधी आनंदच झाला होता. बारा वर्षं लॅपटॉपवर डेबियन हे 'ओपन सोर्स' लिनक्स चालवणाऱ्या माणसाला कोणी 'ओपन' म्हटलं की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. मग कळलं की डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या, भाषेत ओपन फाइल म्हणजे पेजमेकरची नाहीतर कोरलड्रॉची फाइल. जी उघडायला तेच सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती, तोच फॉन्ट आणि यूएसबीला खोचलेलं तेच हार्डवेअर लॉक लागतं, ती ओपन. आणि कुठल्याही यंत्रावर उघडणारी पीडीएफ ही बंद! या एका शब्दापायी माझे एकोणीस दिवस गेले. अजून आठवलं तरी चिडचिड होते, म्हणून लिहून काढतोय.

पुस्तक वडिलांचं. अण्णा एकतीस वर्षं एसटीत वाहक होते, त्यातली बरीचशी कऱ्हाड-चिपळूण मार्गावर. निवृत्तीनंतर त्यांनी पाच दोनशेपानी वह्या भरून आठवणी लिहिल्या. अक्षय्य तृतीयेला घरात पंचाहत्तरीचा कार्यक्रम ठरला, तेव्हा बहीण म्हणाली की येणाऱ्याला नारळ-पेढ्याबरोबर हे पुस्तक देऊ. तीनशे प्रती. घरगुती वाटपाचं पुस्तक, म्हणून आयएसबीएनच्या भानगडीत पडलो नाही. वह्या टाइप करायला अडीच महिने लागले, अर्ध्या मी केल्या, अर्ध्या भाचीने फोनवर. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मांडणी मी स्क्रायबस या पानं लावायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केली. आकार डेमी, मजकुराला शोभिका, शीर्षकांना 'मुक्त' नावाचा फॉन्ट. दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता, वाटता येणारे. शोभिका आयआयटी मुंबईचा, 'मुक्त' मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. अण्णांना शोभिकाचं वळण शाळेतल्या पुस्तकासारखं वाटलं आणि विषय संपला. एक सांगून ठेवतो, स्क्रायबसची जुनी 1.4 घेऊ नका. तीत जोडाक्षरं जुळत नाहीत, अक्षरं सुटी सुटी पडतात. 2024 च्या सुरुवातीला आलेली 1.6 किंवा तिच्यापुढचीच घ्या. तिच्यात आपली देवनागरी नीट दिसते, यामागे ओमानमधल्या मंडळींचे बरेच कष्ट आहेत. त्यांना हवी होती अरबी. पण अरबी जुळवणारं यंत्र बसवलं की देवनागरीची वाटही त्यातूनच मोकळी होते. मस्कतच्या कुणाला अरबी नीट छापायची होती म्हणून कऱ्हाडच्या कंडक्टरचं पुस्तक जुळलं. मला मुक्त सॉफ्टवेअर का आवडतं असं कोणी विचारलं तर मी हल्ली हेच सांगतो. फुकट मिळतं हे कारण त्याच्या फार मागे येतं.

तर पीडीएफ तयार, 124 पानं, आणि छापखाना म्हणतो ओपन फाइल.

मी गेलो. ऑपरेटरदादा पन्नाशीचे, पंचवीस वर्षं याच खुर्चीत. तालुक्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्या हातून गेलेल्या. त्यांच्यापुढे पेजमेकर 7 उघडं. ही त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, 2001 सालची. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, जागा मिळाली 1991 मध्ये, पण पेजमेकरला त्याचा पत्ता नाही. मी पेनड्राइव्हवरचा मजकूर दिला, दादांनी तो चिकटवला, आणि अण्णांच्या नोकरीचा पहिला दिवस पडद्यावर असा उमटला: प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह.

"बघा," दादा म्हणाले, "तुमचा फॉन्ट करप्ट आहे."

"दादा, फॉन्ट करप्ट नाही. हा युनिकोड आहे."

"तेच म्हणतोय. युनिकोड छपाईला चालत नाही."

इथे मी चूक केली. उभ्या उभ्या त्यांना व्याख्यान दिलं. तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी नसतेच, आत इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंसच असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. उद्या ते लॉक जळलं तर तुमची पंचवीस वर्षांची मराठी कुणाला वाचता येणार नाही, वगैरे. बरंचसं खरं होतं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं ते लिनक्स मध्येच अडलं तर फोन कुणाला करायचा?" मी म्हणालो, शोधलं की उत्तर सापडतं. ते म्हणाले, "रात्री अकरा वाजता, सकाळी पत्रिका द्यायची असताना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्हा लिनक्सवाल्यांची ही जुनी खोड आहे. समोरच्याची अडचण काय हे विचारायच्या आधी त्याची निवड कशी चुकली हे सांगायला लागतो.

शेवटी तह झाला. मी सगळा मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये बदलून आणायचा, ते पेजमेकरमध्ये लावणार. माझी मांडणी गेली ती गेली.

बदलून देणारी साधनं भरपूर आहेत. त्यातली तीन वापरली आणि तिन्हींनी वेगवेगळे घोळ घातले. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवतात, कारण आपण ती नंतर उच्चारतो. जुन्या फॉन्टांत ती दिसते तिथे, म्हणजे आधी साठवतात. साध्या 'कि', 'ति'ला हे जमून जातं. जोडाक्षर आलं की साधन गोंधळतं, आणि 'परिस्थिती'तली वेलांटी स आणि थ यांच्या मधोमध अडकते, भरल्या गाडीच्या दारात अडकलेल्या प्रवाशासारखी. हे मी हाताने निस्तरलं. तीन रात्री.

खरा घात केला अर्ध्या र ने. प्रूफ अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, पहिल्याच पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कर्हाड कुठलं गाव रे? या गावचं तिकीट मी कधी फाडलं नाही."

पाहिलं तर पुस्तकभर कऱ्हाडच्या ह वर रफार चढला होता. सगळीकडेही नाही, हीच तर गंमत. माझ्या टायपिंगमधली कऱ्हाडं बरोबर आणि भाचीच्या टायपिंगमधली चुकलेली. कुंभार्लीच्या घाटाचं प्रकरण भाचीकडे होतं. तिथे अण्णांनी लिहिलेलं 'डाव्या हाताला खोल दऱ्या' बदलून 'खोल दर्या' झालेलं. एसटी सह्याद्रीत आणि शेजारी समुद्र!

कारण सापडायला दोन दिवस गेले. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रस्त्यांनी काढता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हा र च्याच कळीवर शिफ्ट दाबून येतो, माझी सवय ती. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. भाचीच्या फोनवरच्या कीबोर्डने हा दुसरा रस्ता धरला होता. दिसायला दोन्ही सारखे. पण बदलून देणाऱ्या साधनाला ते अदृश्य चिन्ह म्हणजे कचरा वाटला, त्याने ते झाडून टाकलं, आणि उरलेल्या र-हलन्त-ह चा नियमाप्रमाणे रफार केला. मूळ मजकुरात मोजलं तर अशा 212 जागा निघाल्या. सेड या शोधून बदल करणाऱ्या लिनक्सवरच्या साधनाची एक ओळ लिहून सगळ्या जागी नुक्त्याचा ऱ बसवला, वेळ लागला अर्धा सेकंद. तुमच्या मजकुरात दोघांचं टायपिंग असेल तर हे काम सर्वांत आधी करा. मुद्रितशोधनानंतर केलंत तर माझ्यासारखं सगळं पुन्हा वाचावं लागेल.

आणि हो, भाषा 'मराठी' अशी लावायला विसरू नका. ती हिंदी राहिली तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय असते, तो कागदपत्राची भाषा पाहूनच ठरवतो. हे खरं तर मांडणीच्या वेळी सांगायला हवं होतं.

दुरुस्त मजकूर घेऊन पुन्हा छापखान्यात. आता दादांच्या पेजमेकरमध्ये मराठी दिसली, पण ठळक आणि तिरप्या अक्षरांच्या सगळ्या खुणा गेल्या होत्या, आणि इंग्रजी अंकांच्या जागी भलतीच अक्षरं. गाड्यांचे क्रमांक, भाड्याचे आकडे, सगळं. त्या फॉन्टमध्ये त्या जागांवर दुसरीच चिन्हं बसलेली असतात. मी डोकं धरून बाकावर बसलो. सोळावा दिवस.

तेवढ्यात छापखान्याचे शेठ फोनवर कुणाला तरी म्हणाले, "दिवाणखवटेकरांची पीडीएफ टाकलीय मेलला, प्लेट कधी देतोस?"

मी ताडकन उठलो. "शेठ, प्लेटवाल्याला तुम्ही काय पाठवता?"

"पीडीएफ. दुसरं काय पाठवणार?"

म्हणजे दादा माझा मजकूर पेजमेकरमध्ये लावणार, त्यातून पीडीएफ काढणार, आणि ती सीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावरून थेट छपाईची प्लेट बनवणाऱ्याकडे, जाणार. प्लेट बनवणाऱ्या यंत्राला पेजमेकर माहीत नाही, युनिकोड माहीत नाही, काहीच माहीत नाही. त्याला पीडीएफ कळते. जी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती!

सीटीपीवाल्याचा नंबर मागून घेतला. एमआयडीसीतला तरुण मुलगा. त्याने दोन मिनिटांत सांगितलं: फॉन्ट एम्बेड, म्हणजे फाइलच्या आतच, पाहिजेत, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांतले, पाहिजेत, मजकूर फक्त काळ्या शाईत पाहिजे, ब्लीड, म्हणजे कापायच्या कडेबाहेरची जादा जागा, तीन मिलिमीटर, पीडीएफ एक्स-1ए या छपाईसाठीच्या प्रकारातली असेल तर उत्तमच. कशात बनवली हे त्याने विचारलंही नाही. हा फोन पहिल्या दिवशी केला असता तर हा लेखच झाला नसता. तेव्हा छापखान्यात पाऊल टाकायच्या आधी प्लेट कोण बनवतं ते विचारा आणि त्याच्याशी बोला.

स्क्रायबसमध्ये हे सगळं आहे. फक्त कलर मॅनेजमेंट आधी चालू करावं लागतं, नाहीतर एक्स-1ए चा पर्याय मरून पडल्यासारखा दिसतो. माझी एक संध्याकाळ त्यात गेली. मजकुराचा काळा हा शंभर टक्के निव्वळ काळाच आहे ना हे तपासा. लिब्रेऑफिसमधून थेट काढलेल्या पीडीएफचा काळा आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांतला, असतो, तो चार शायांत फुटला की बारीक अक्षरांना रंगीत कडा येते. मुखपृष्ठ मी इंकस्केपमध्ये काढलं होतं, तेही आरजीबीतच बाहेर पडलं, म्हणून स्क्रायबसमध्ये आणून रंग पुन्हा द्यावे लागले. पानांचा हिशेबही तेव्हाच कळला. छपाईचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडायचा कागद, सोळा पानांचा, म्हणून 124 ची 128 करावी लागली. चार पानं वाढली त्यात अण्णांच्या जुन्या तिकिटांच्या पेटीचे आणि पंचचे फोटो गेले.

दादांचा मान राखायचा म्हणून शेवटची पीडीएफ त्यांच्याच यंत्रावर उघडून दाखवली. पान मोठं करून त्यांनी कऱ्हाडचा अर्धा र बराच वेळ न्याहाळला. "आमच्या फॉन्टपेक्षा गोल आलाय," म्हणाले. मग त्यांनी आपली खरी अडचण सांगितली. लोक घरून वर्डमधून काढलेल्या पीडीएफ आणतात, फॉन्ट आत नसतात, छापल्यावर अक्षरं बदलतात आणि शिव्या दादा खातात. म्हणून सरसकट ओपन फाइलचा नियम. मला हे पहिल्या दिवशी विचारता आलं असतं.

मी त्यांना एक गोष्ट दाखवली, या वेळी व्याख्यान न देता. त्यांच्या अँड्रॉइड फोनवर मराठी अक्षरं जुळवतं ते हर्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर. तेच क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिब्रेऑफिसमध्ये, आणि माझ्या स्क्रायबसमध्येही. नाव फारसी, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं. "म्हणजे ओपन अक्षर," दादा म्हणाले आणि हसले. मुक्तचा फॉन्ट त्यांनी पेनड्राइव्हवर मागून घेतला. पेजमेकरमध्ये तो चालणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुस्तकं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आली, बायंडिंगचा डिंक ओला असताना. अण्णा रात्रभर पानं उलटत होते. सकाळी शेठचं बिल पाहिलं: कागद, प्लेट, छपाई, बायंडिंग, आणि चौथ्या ओळीच्या खाली 'डीटीपी, 128 पानं, दर पानी 60 रुपये'. ती ओळ खोडून घ्यायला आणखी दोन चकरा झाल्या, आणि तरी निम्मीच खोडली गेली.