आज चर्चमध्ये काकांनी प्याला घेतला

आमच्या सोलापुरात पावरलूमवर उभी हयात गेलेले एक काका आहेत, रोज चर्चला येणार पण प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतात त्या भाकरी-द्राक्षरसाचं ताट आलं की मान खाली घालून पुढं सरकवणार, तरुणपणी दारूपायी काकूंचे दागिने विकले, मुलानं घर सोडलं, नंतर काकू पण गेल्या आणि मग माफी मागायची तरी कुणाकडं ही टोचणी त्यांना लागलेली. आज पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) बायबलमधला योहान 21 वा अध्याय घेतला. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूला ओळखतच नाही म्हणून नाकारलं, आणि नंतर समुद्रकाठी येशूनं त्याला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का, जुना हिशोब काढलाच नाही की हो! येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला पण पस्तावा झालाच होता पण तो परत आलाच नाही, पेत्र मात्र येशूकडं पोहतच किनाऱ्याला आला, मला तर एवढाच फरक दिसतो दोघांत. प्याला घेताना काकांचा हात इतका थरथरत होता की थोडा द्राक्षरस शर्टावर सांडला, पण घेतला त्यांनी. लै रडले. बाहेर आल्यावर म्हणाले, देवानं माफ केलं, आता पोराकडं जायचंय. बुधवारी निघतायत, पोरगं दार उघडेल का माहीत नाही, सगळ्यांनी प्रार्थना करा 🙏